माळावरच्या कुरणात शेंगवर्गीय चारा कसा वसवावा

फाल्गुन संपत आला की माण, खटाव, आटपाडी आणि जतच्या माळावर गवत उभे दिसते, पण ते खाऊन जनावर भरत नाही. कुसळी आणि पवना गुडघ्याच्या वर वाळून उभे असते, गाई दिवसभर त्यात फिरतात, संध्याकाळी पोटही भरलेले दिसते, आणि तरीही चैत्र उजाडेपर्यंत बरगड्या मोजता येतात. या दिवसांत गोठ्यातले शेण नीट पाहावे. श्रावणात जे शेण पसरट आणि मऊ पडत होते तेच आता कोरडे, घट्ट आणि थरावर थर रचल्यासारखे पडते. गवतातली प्रथिने संपल्याची ही खूण आहे. गाईच्या कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, सूक्ष्मजीवांना काम करण्यासाठी चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिने लागतात, आणि पक्व होऊन वाळलेल्या कुसळीत ती ३ ते ४ टक्क्यांवर येतात. सूक्ष्मजीव उपाशी राहिले की काडी पचत नाही, न पचलेली काडी पोटात अडून राहते, आणि पोट भरलेले असल्यामुळे जनावर आणखी खाऊ शकत नाही. समोर चारा असून जनावर वाळते ते असे.

यावर विकतची पेंड हा उपाय आहेच, पण दहा-बारा खिल्लार गाई आणि त्यांची खोंडे-कालवडी माळावर सांभाळणाऱ्या माणसाला तो परवडत नाही. कुरणातच शेंगवर्गीय वनस्पती वसवणे हा दुसरा उपाय. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे हलक्या मुरमाड जमिनीतही त्यांच्या पाल्यात फुलोऱ्याच्या आधी १२ ते १८ टक्के प्रथिने असतात. मुळे खोल जात असल्याने गवत वाळल्यावरही त्या काही आठवडे हिरव्या राहतात, आणि त्यांनी धरलेल्या नत्राचा काही भाग शेण, मूत्र आणि गळलेल्या पाल्यातून पुढे गवतालाही मिळतो.

हे तंत्र मोठ्या प्रमाणावर विकसित झाले ते उत्तर ऑस्ट्रेलियात, मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या चराऊ रानांवर. तिथे स्टायलो ही शेंगवर्गीय चारा-वनस्पती मिसळलेल्या कुरणात एका जनावराचे वजन निव्वळ गवताच्या कुरणापेक्षा वर्षाला साधारण ३० ते ६० किलोंनी जास्त वाढल्याचे अनुभव आहेत. आपल्याकडे २०१५पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी असल्यामुळे इथे वजनाचा हिशेब वेगळ्या कामासाठी करायचा आहे. कालवड वेळेवर माजावर यावी, व्यालेली गाय उन्हाळ्यात खंगू नये, आणि दोन वर्षांचे खोंड खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत नेले तर पाहणाऱ्याचा हात त्याच्या पुठ्ठ्यावर ठरावा, हा आपला हेतू. कुरण तयार करण्याची रीत मात्र तीच आहे.

जमीन पाहून जात निवडावी

दुष्काळी तालुक्यांत वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा भाग परतीच्या पावसाने, उत्तरा-हस्तात येतो. अशा ठिकाणी उथळ, मुरमाड, उताराच्या माळासाठी स्टायलो ही पहिली निवड. तिच्या दोन प्रजाती आपल्या कामाच्या आहेत. हमाटा ही बुटकी, लवकर फुलणारी आणि भरपूर बी टाकणारी प्रजाती आहे. तिची रोपे दोन-तीन वर्षांत संपतात, पण पडलेल्या बियांतून नवी उगवत राहतात. स्काब्रा झुडपासारखी वाढते, जास्त वर्षे टिकते आणि तिची मुळे खोल जातात. दोन्ही मिसळून पेराव्यात असे मी आग्रहाने सांगतो, कारण १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात करपा रोगाने टाउन्सव्हिल स्टायलोची कुरणेच्या कुरणे गेली आणि एकाच जातीवर विसंबलेल्यांचे सर्वात जास्त नुकसान झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले क्रांती ही स्टायलोची जात आहे. झाशीच्या भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेचे केंद्र धारवाडला असल्यामुळे सांगलीकरांना तिथेही चौकशी करणे सोपे जाते.

माणगंगा, येरळा किंवा अग्रणीच्या काठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत साधी स्टायलो रमत नाही. तिथे गोकर्ण लावावी. कुंपणावर निळ्या फुलांसाठी लावतो तीच ही वेल, आणि जनावरे ती इतक्या आवडीने खातात की तिला जपावे लागते. भारी जमिनीत दशरथ घासही चांगला येतो. मध्यम जमिनीत सिराट्रोची वेल चालते, मात्र सतत तोंड लागले तर ती दोन वर्षांत नाहीशी होते. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या तांबड्या डोंगरउतारांवर स्टायलो चांगली येते, पण तिथे पावसाळ्यात गवत फार माजते, म्हणून श्रावणात एकदा गवत कापून काढण्याची तयारी असेल तरच तिकडे हे काम हाती घ्यावे.

शेंग येणारी प्रत्येक वनस्पती नत्र धरते असा समज आहे, तो बरोबर नाही. माळावर सर्वत्र दिसणारा टाकळा आणि तरवड यांना शेंगा येतात, पण मुळांवर गाठी येत नाहीत, आणि जनावरेही त्यांना तोंड लावत नाहीत. उलट पावसाळ्यात गवतातून सरपटणाऱ्या रानमुगाच्या आणि रानमटकीच्या वेली खऱ्या उपयोगाच्या आहेत. त्या जिथे आपोआप वाढतात तिथे नव्या शेंगवर्गीय वनस्पतीही बहुधा तग धरतात, म्हणून आदल्या पावसाळ्यात माळावर फिरून अशा जागा हेरून ठेवाव्यात.

बियाण्याची तयारी

स्टायलो, गोकर्ण, सुबाभूळ या सगळ्यांच्या बियांचे कवच टणक असते आणि पाणी आत शिरत नाही. तसेच पेरले तर त्या वर्षी शंभरातले थोडेच दाणे उगवतात. उपाय सोपा आहे. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळावे, आणि त्याच मापाने तीन भांडी उकळत्या पाण्यात एक भांडे साधे पाणी मिसळावे. हे पाणी ८० अंशांच्या आसपास येते. बी सुती कापडात सैल बांधून त्यात चार ते पाच मिनिटे बुडवावे, लगेच गार पाण्यात काढावे आणि सावलीत पातळ पसरून सुकवावे. पातेले लहान असेल तर पाणी पटकन निवते आणि सगळा खटाटोप वाया जातो, म्हणून बियांच्या कित्येक पट पाणी घ्यावे. प्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ दिवस ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो. गोकर्णीचे थोडेच बी असेल तर ते पॉलिश पेपरवर घासले तरी चालते.

दुष्काळी पट्ट्यात मात्र सगळ्या बियाण्यावर ही प्रक्रिया करू नये. मी पहिल्यांदा सगळे बी गरम पाण्यातून काढून मृगाच्या दुसऱ्या पावसावर टाकले. ते सुरेख उगवले, त्यानंतर अठरा दिवस पावसाने दडी मारली आणि एक रोप राहिले नाही. तेव्हापासून मी दोन तृतीयांश बियाण्यावर प्रक्रिया करतो आणि एक तृतीयांश तसेच टणक ठेवून दोन्ही मिसळतो. टणक दाणे मातीत वाट पाहतात. काही हस्ताच्या पावसावर उगवतात, काही पुढच्या वर्षी.

बी पूर्ण गार आणि कोरडे झाल्यावरच जिवाणूसंवर्धक, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचे पाकीट, लावावे. स्टायलोला आणि सिराट्रोला चवळी गटाचे रायझोबियम चालते. सुबाभळीला तिचे स्वतःचे वेगळे लागते, ते मागून घ्यावे. पाकिटावर २५० ग्रॅम संवर्धक १० किलो बियाण्याला असे लिहिलेले असते, पण स्टायलोचे बी बारीक असल्यामुळे मी तेवढे पाकीट चार-पाच किलोंनाच वापरतो. गुळाचे पाणी उकळून गार करून त्यात संवर्धक कालवावे, बियांना हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. असे बी सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून एकत्र फेकू नये, कारण खताच्या आम्लतेने जिवाणू मरतात. पाकिटावरची अंतिम तारीख पाहणे आणि पाकीट दुकानापासून घरापर्यंत उन्हात न ठेवणे ही काळजीही घ्यावीच.

रान आणि पेरणी

उताराचे कुरण सगळे नांगरू नये. जी माती पिढ्यानपिढ्या गवताने धरून ठेवली आहे ती एका वळवात वाहून जाते. वैशाखात जनावरे सोडून जुने गवत जमिनीसरशी खाऊ द्यावे किंवा कापून न्यावे, आणि पहिल्या पावसाने माती मऊ झाली की उताराला आडवे, दीड ते दोन मीटर अंतरावर, हातभर रुंदीचे पट्टे कुळवाने किंवा कुदळीने ओरखडून घ्यावेत. बी या पट्ट्यांतच टाकायचे आहे. मधले गवत जसेच्या तसे राहते आणि माती धरते. ताली घातलेल्या रानात तालीच्या वरच्या अंगाला ओल जास्त टिकते, म्हणून पहिला पट्टा तिथे घ्यावा.

पूर्वेकडच्या तालुक्यांत मृगाची घाई करू नये. आर्द्रा किंवा पुनर्वसूत वीतभर खोल ओल गेली आणि आभाळ भरलेले असले की पेरावे. स्टायलोचे बी एकरी दीड ते दोन किलो पुरते. गोकर्ण दोन ते तीन किलो आणि सिराट्रो एक किलो असे प्रमाण ठेवावे. बी बारीक असल्याने चाळलेल्या मातीत किंवा वाळूत मिसळून हाताने टाकावे आणि मागून बाभळीची फांदी ओढावी. स्टायलोवर एक सेंटिमीटरपेक्षा जास्त माती आली तर ते वर येत नाही. बियाणे नसून खोल पेरणीच वाईट असते, हे पुष्कळांना उशिरा कळते. गोकर्णीला दोन-तीन सेंटिमीटर खोली चालते.

आपल्या माळजमिनींत स्फुरद कमी असते आणि गाठी तयार होण्यासाठी नेमके तेच लागते. एकरी ५० ते १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे एक ते दोन गोण्या, पट्ट्यांतच ओरखडताना मातीत मिसळून द्यावे; त्यातून गंधकही मिळते. युरिया अजिबात देऊ नये. युरियाने गवत उसळते, शेंगवर्गीय रोप त्याखाली दबते, आणि फुकट नत्र मिळत असेल तर ते गाठी धरण्याचे कामही सोडते.

पहिला पावसाळा: गवताला आवर

हे काम बिघडते ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बी पेरले, आता कुरण कुलूपबंद करावे, असे कोणालाही वाटते. आम्हीही दुसऱ्या वर्षी तेच केले. काटेरी कुंपण घातले, चार महिने एक शेळीही आत येऊ दिली नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कमरेएवढे गवत अभिमानाने दाखवले. कार्तिकात गवत हातांनी बाजूला सारून पाहिले तेव्हा पट्ट्यांत स्टायलोची रोपे होती, पण काडीसारखी बारीक, वीतभर उंच, पिवळी, आणि फूल एकालाही नव्हते. गवताच्या सावलीने ती उपाशी राहिली होती.

तेव्हापासून रीत बदलली. पेरणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी गवत गुडघ्याला आले की जनावरे दोन-तीन दिवसांसाठी आत सोडावीत, एकदम पुष्कळ आणि थोड्या वेळासाठी. त्या दिवसांत कोवळे गवत गोड असते आणि स्टायलो जनावरांच्या ओळखीची नसते, त्यामुळे ती गवत वेचून खातात आणि स्टायलोला बहुधा सोडून देतात. गवत वीतभर राहिले की जनावरे बाहेर काढावीत. चिखल असताना मात्र सोडू नयेत, कारण खुरांखाली रोपे चिरडतात. जनावरे कमी असतील तर विळ्याने पट्ट्यांवर झुकलेले गवत कापून घरी न्यावे. गवत पुन्हा वाढले तर असे आणखी एकदा करावे, आणि भाद्रपद संपता संपता थांबावे. पुढे फुले, शेंगा आणि बी जमिनीवर पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्गशीर्षापर्यंत, कुरण पूर्ण बंद. पहिल्या वर्षीचे हे बी पुढच्या सगळ्या वर्षांची शिल्लक असल्यामुळे पौषाच्या आत कितीही टंचाई भासली तरी कुरण उघडू नये.

याच काळात, उगवणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, दोन-चार रोपे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचलावीत आणि मुळे बादलीतल्या पाण्यात हलवून धुवावीत. ओढून काढले तर गाठी मातीतच राहतात. स्टायलोच्या गाठी मोहरीहूनही बारीक असू शकतात, म्हणून उजेडात धरून पाहावे. एखादी गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी किंवा तांबूस दिसली तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट दिसली तर संवर्धक मेले होते किंवा स्फुरद कमी पडले आहे. गाठीच नसतील तर पुढच्या वर्षी ताजे संवर्धक लावलेले थोडे बी पुन्हा टाकावे.

चराई कशी फिरवावी

दुसऱ्या वर्षापासून कुरणाचे निदान चार भाग करावेत आणि जनावरे एका भागातून दुसऱ्यात फिरवावीत. दरवर्षी एक भाग आळीपाळीने बी पडेपर्यंत राखावा. कुंपणाचा खर्च जड वाटला तर राखणदार आणि दगडी खुणा यांवरही चालते, मात्र घरातल्या सगळ्यांनी ते पाळले पाहिजे. गायरानावर हे काम करायचे असेल तर ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव आधी व्हावा आणि मेंढपाळांशी बोलणे आधी व्हावे. त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटा आणि दिवस ठरवून दिले तर भांडण होत नाही, आणि पौषानंतर मेंढ्या बसवल्या तर खतही मिळते.

एकूण चाऱ्यात शेंगवर्गीय वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावा. त्यापेक्षा फार कमी असेल तर उन्हाळ्यात फरक जाणवत नाही, फार जास्त झाला तर गवत विरळ होऊन उताराची माती उघडी पडते. वाटा वाढवायचा असेल तर पावसाळ्याच्या पहिल्या भागात जरा जास्त चारावे, म्हणजे गवत दबते. कमी करायचा असेल तर त्याच काळात विश्रांती द्यावी. जनावर पावसाळ्यात गवत आणि गवत वाळल्यावर स्टायलो पसंत करते, आणि आपल्याला हवे आहे तेही नेमके हेच. फाल्गुन-चैत्रात त्याच माळावरचे शेण पुन्हा पाहावे: ते मऊ पडू लागले असेल तर कुरण काम करते आहे.

कोवळ्या लसूणघासाने होते तशी पोटफुगी स्टायलोने होत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये. स्फुरद कमी असलेल्या जमिनीवरच्या चाऱ्यातही स्फुरद कमीच असते, म्हणून गव्हाणीत खनिज मिश्रण मात्र ठेवावेच. वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात गुरे महिनोन्‌महिने वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर, असतात. वाड्यातले ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून टाकते, आणि शेंगवर्गीय पाल्यात कॅल्शियम भरपूर असते. तिथे बांधावरचा थोडासा असा पालाही उपयोगी पडतो.

आपल्या डोंगरांवर माघ-फाल्गुनात वणवे लागतात, काही लावलेही जातात. टणक बी त्यातून वाचते, पण उभी रोपे जळतात. मार्गशीर्षातच कुरणाभोवती तीन-चार मीटर रुंदीचा जाळपट्टा काढून ठेवावा.

बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा

मिरज भागातल्या पानमळेवाल्यांना शेवरी आणि हादगा नव्याने सांगायला नको. वेलीला आधार आणि शेळीला पाला हा त्यांचा जुना व्यवहार आहे. कुरणाच्या कडेला, जिथे माती कमरभर खोल आहे अशा तालींवर ही झाडे लावावीत. सुबाभूळ उथळ मुरमात आणि पाणथळ जागेत येत नाही. तिला पहिले वर्षभर जनावराचे तोंड लागू देऊ नये, नंतर मीटरभर उंचीवर छाटत राहावे.

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. ते जास्त पोटात गेले तर केस गळतात, लाळ गळते, गलगंड होतो आणि वाढ खुंटते. म्हणून रोजच्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवावा, घोड्याला तर देऊच नये. शेंगा पिकण्याआधी छाटणी केली नाही तर ती शेजारच्या शेतातही पसरते आणि एकदा मुळावली की निघत नाही.

तिसऱ्या वर्षापासून

दर दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर एकरी एक गोणी सुपर फॉस्फेट द्यावे. घाणेरी आणि गाजर गवत फुलाआधी उपटावे. पहिल्या वेळी सगळा माळ न घेता दहा-पंधरा गुंठे करावेत. तेवढ्यातून पुढचे बी घरचेच मिळते. मार्गशीर्षात स्टायलोच्या वाळक्या झुडपांखालची जमीन खराट्याने झाडून, माती चाळून, हे बी गोळा करता येते. त्यातले थोडे बी पेंडीत कालवून गाईंना चारावे आणि त्या गाई ज्या भागात स्टायलो नाही तिथे सोडाव्यात. टणक बी पोटातून शाबूत बाहेर पडते, आणि पुढच्या आर्द्रात त्या शेणाच्या पोवट्यांतूनच रोपे वर येतात.